मल्टीपाथची प्रायोरिटी : केबल निसटली की वजनकाटा दोन मिनिटं बंद आणि आयओ (डिस्कचं वाचन-लेखन) भलत्याच वाटेवर

काटाघर

नमस्कार मंडळी.

मांजरा काठच्या एका साखर कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. गेल्या हंगामात जानेवारीत जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, म्हणून हा धागा काढतोय. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटेल, मग मोळी पडेल. एकदा गाळप सुरू झालं की सर्व्हरला हात लावायला मिळत नाही. हातात पाच आठवडे आहेत.

मांडणी अशी आहे. एकच डेटाबेस सर्व्हर, लिनक्स. स्टोरेजच्या पेटीत दोन कंट्रोलर, ए आणि बी. जोडणी आयस्कझीची (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत), दहा जीबीचे (सेकंदाला दहा गिगाबिट) दोन वेगळे स्विच. ए-१ आणि बी-१ पहिल्या स्विचवर, ए-२ आणि बी-२ दुसऱ्यावर. सर्व्हरमध्ये दोन कार्ड, एकेक फायबर एकेका स्विचला. म्हणजे चार वाटा झाल्या; यातली कोणती वापरायची ते लिनक्सचं मल्टीपाथ ठरवतं. पाचवी नंतर जोडलेली : ए कंट्रोलरचंच तिसरं पोर्ट, एक जीबीचं, ऑफिसच्या जुन्या स्विचमधून आलेलं. बसवणाऱ्याने "असू द्या अडीनडीला" म्हणून ठेवलं होतं.

त्या दिवशी दुपारी चारला काटापावती निघेनाशी झाली. भरलेली ट्रॉली काट्यावर उभी, डिस्प्लेवर वजन स्थिर, पण सेव्ह दाबलं की स्क्रीन गोठायची. दोन मिनिटांनी पावती आली. पुढच्या पावत्यांना वीस-वीस सेकंद लागायला लागले. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत, आणि मग पुन्हा दोन मिनिटं बंद. रात्री नऊपर्यंत हेच चाललं. रांग गेटाबाहेर रस्त्यावर गेली. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो आणि वजन घटतं ते शेतकऱ्याचं. टोळीची खेप बुडते ती वेगळीच. एक मावशी बैलांपुढे वाढं टाकत होत्या, मला म्हणाल्या, "सायेब, आज लागंल का आमचा नंबर?" मला सांगता आलं नाही.

नंतर लॉग काढला. पाच तासांत ए-१ ची लिंक ११ वेळा पडली आणि उठली. वायर गेली तर दुसरी आहे, त्यासाठीच तर हा सगळा खर्च केला होता. मग काटा थांबलाच का?

सध्याची सेटिंग देतो. (नावं इथे बोलतो तशी लिहितोय. फाईलमध्ये ती इंग्रजीत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन असतात.) पाथ ग्रुपिंग पॉलिसी : फेलओव्हर. प्रायो (वाटांची प्रायोरिटी ठरवायची रीत) : अलुआ. फेलबॅक : इमिजिएट. पाथ चेकर : टीयूआर. नो पाथ रिट्राय : क्यू. फास्ट आयओ फेल टाइमआउट : ऑफ.

मल्टीपाथची यादी पाहिली तर पाच गट दिसतात, प्रत्येकात एकच वाट. वरून क्रम ए-१, ए-३, ए-२, तिघांची प्रायोरिटी ५०. खाली बी-१ आणि बी-२, प्रायोरिटी १०. ए-१ पुढे अ‍ॅक्टिव्ह, बाकी सगळे एनेबल्ड.

दोन मिनिटं कशात जातात? ए-१ पडल्यावर दहा जीबीची ए-२ सोडून एक जीबीच्या ए-३ वर का गेलं? आणि हा क्रम मला हाताने ठरवता येईल का?


वाळूजकर

काटाघर दादा, मांडणी नीट लिहिलीत, त्यामुळे बोलता येतं.

दोन मिनिटांचं आधी. आयस्कझीत रिप्लेसमेंट टाइमआउट नावाचा आकडा असतो, मुळात १२० सेकंद. सेशन (सर्व्हर आणि पेटीच्या एका पोर्टाची जोडणी) तुटलं की तेवढा वेळ खालचा थर "येईल परत" म्हणून वाट बघतो आणि वरती मल्टीपाथला चूक कळवतच नाही. एकच वायर असेल तर हे बरोबर आहे, थोडं थांबलेलं परवडतं. पण शेजारी चार वाटा मोकळ्या असताना त्याने लगेच हात वर करायला हवेत. नवीन आयओ मल्टीपाथ दुसरीकडे वळवेलही, पण जो आयओ त्या वायरवर आधीच निघालाय तो तिथेच अडकतो. डेटाबेसचा लॉग त्या एका लिखाणासाठी खोळंबला की मागची प्रत्येक पावती खोळंबली.

हा आकडा फाईलमध्ये बघू नका, चालू सेशनचा बघा. सिस-एफएसमध्ये (चालू सिस्टिमची माहिती दाखवणारं फोल्डर) प्रत्येक आयस्कझी सेशनखाली रिकव्हरी टाइमआउट असतो, तो वाचा. आयस्कझीडीच्या मुख्य फाईलमध्ये बदल केला तरी आधी शोधून ठेवलेल्या टार्गेटच्या नोंदीत जुनाच आकडा राहतो. ती नोंद वेगळी अपडेट करावी लागते. दुसरं, मल्टीपाथचा फास्ट आयओ फेल टाइमआउट ५ असेल तर तो स्वतःच सेशनचा आकडा ५ वर आणतो. तुमच्याकडे तो ऑफ आहे, म्हणून १२० तसाच राहिला असणार. कुठल्यातरी जुन्या सेटअपची फाईल उचललेली दिसते.

आता ए-३ चं. फेलओव्हर पॉलिसीत प्रत्येक वाट हा स्वतंत्र गट. ए-१ गेली की उरलेल्यांत सर्वात मोठी प्रायोरिटी कोणाची? ए-३ आणि ए-२ दोघी ५०. बरोबरी झाली की यादीत जी आधी, ती. सर्व्हर चालू होताना ए-३ चं लॉगिन आधी झालं असेल, एवढंच कारण पुरतं. आणि फेलबॅक इमिजिएट असल्यामुळे ए-१ उठली रे उठली की सगळं परत तिच्यावर, ती पडली की पुन्हा १२० सेकंद. ११ वेळा लिंक पडली म्हणजे ११ वेळा हा फेरा.


परभणीकर

मी आत्ताच ह्या कामाला लागलोय, म्हणून विचारायलो. अलुआ ५० अन् १० हे आकडे देतं कशावरून? एक जीबीच्या वायरलाही ५० कसं काय दिलं?


गोदातीर

परभणीकर, प्रश्न मुळावरचा आहे.

पेटीत दोन कंट्रोलर असले तरी एका वेळी एका लनची (पेटीने सर्व्हरला दिलेल्या डिस्कची) मालकी एकाकडेच असते. समजा मालकी ए कडे आहे. ए च्या पोर्टातून मागणी गेली तर ती थेट डिस्कपर्यंत जाते. बी च्या पोर्टातून गेली तर बी ती आतल्या आत ए कडे पाठवतो. काम होतं, पण वळसा पडतो. ही गोष्ट पेटी सर्व्हरला स्कझीच्या भाषेत सांगते, तिचं नाव अलुआ. सरळ वाट म्हणजे ऑप्टिमाइज्ड, तिला मल्टीपाथ ५० देतो. वळशाची नॉन-ऑप्टिमाइज्ड, तिला १०. स्टँडबायला १.

म्हणजे पेटी फक्त स्वतःच्या पोटातलं सांगते. पोर्टाच्या बाहेर वायर कोणती, स्विच नवा की जुना, मध्ये किती धूळ, यातलं तिला काहीच दिसत नाही. ए-३ हे ए चं पोर्ट आहे, तिच्या लेखी वाट सरळच. म्हणून ५०. अलुआची चूक नाही, आपण त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आकड्यात शोधतो.

मी नांदेडला एका दवाखान्याचे सर्व्हर बघते. काटाघर यांच्यासाठी माझा सल्ला : ग्रुपिंग पॉलिसी ग्रुप बाय प्रायो करा. मग ५० वाल्या सगळ्या एका गटात येतात आणि काम वाटून घेतात, एक पडली तरी गट जिवंत राहतो. बी चा गट मागे शांत उभा असतो. वाटणीसाठी सर्व्हिस टाइम (जी वाट लवकर उरकेल तिला काम) ठेवा, राउंड रॉबिन (आळीपाळीने) नको. पण ए-३ त्या गटात राहिली तर तिसरा भाग तिच्यावर जायचा धोका आहेच, विशेषतः राउंड रॉबिनमध्ये.


पोलादनगरी

जालन्यातून लिहितोय, रोलिंग मिलमध्ये आहे. आमच्याकडे विंडोजचे सर्व्हर जास्त. एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दोन्हीकडे काम करणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो. लिनक्सच्या मल्टीपाथमध्ये आकडा मोठा म्हणजे मान मोठा. विंडोजच्या एमपीआयओत (तिकडचं मल्टीपाथ) वेटेड पाथ्स निवडलं तर उलट आहे, वजन जास्त म्हणजे वाट नावडती. लिनक्सच्या सवयीने चांगल्या फायबरला ५० आणि जुन्या वायरला १० देऊन बसलो होतो. सहा दिवस सगळा भार जुन्या वायरवर होता, कोणाच्या लक्षात नाही. सगळं "चालू" दिसत होतं.

हातानेच क्रम द्यायचा असेल तर लिनक्समध्ये वेटेड पाथ नावाचा प्रायो आहे, होस्ट-बस-टार्गेट-लन (वाटेचा सर्व्हरमधला पत्ता) लिहून वजन देता येतं.


वाळूजकर

पोलादनगरी साहेब, फायबर चॅनलला ते ठीक. सॉफ्टवेअर आयस्कझीत नको. तिथे प्रत्येक सेशनला नवा होस्ट क्रमांक मिळतो, पुन्हा लॉगिन झालं की तो बदलू शकतो. आज होस्ट ७ म्हणजे ए-२, रीबूटनंतर होस्ट ७ म्हणजे बी-१. आयस्कझीसाठी आयईटी नावाचा प्रायो आहे, त्याला पसंतीचा आयपी देतात.


काटाघर

सगळ्यांचे आभार. रात्री बसून बघितलं. वाळूजकर दादा, चालू सेशनचा रिकव्हरी टाइमआउट खरंच १२० निघाला, पाचही सेशनवर.

आयईटी करून पाहिलं. प्रायो आयईटी, पसंतीचा आयपी ए-२ चा. रीकॉन्फिगर केलं. आकडे होते तेच : ५०, ५०, ५०, १०, १०. स्पेलिंग तीनदा तपासलं. कुठे चुकतंय?


गोदातीर

डिटेक्ट प्रायो बघा. ते यस असतं तेव्हा मल्टीपाथ पेटीला आधी विचारतो, "अलुआ येतं का?" हो म्हटलं की तुमचा लिहिलेला प्रायो बाजूला ठेवून अलुआच वापरतो. नव्या आवृत्त्यांत ते आपोआप यस असतं. मल्टीपाथडीला चालू कॉन्फिग दाखवायला सांगा, त्यात तुमच्या पेटीच्या नावाखाली दिसेल.

पण ते नो करायच्या आधी थांबा, ही माझी कळकळीची विनंती. एका वेळी एकच प्रायो चालतो. आयईटी घेतलात की अलुआ गेलं. मग पसंतीचा एक आयपी वर आणि बाकीचे चारही एका रांगेत : ए-१, ए-३, बी-१, बी-२ सारखे. ए-२ पडली की सर्व्हर त्या चौघांत ए आणि बी असा भेद करणार नाही, अर्धी वाहतूक वळशाने जाईल. काही पेट्या अशा वेळी लनची मालकीच पलीकडे सरकवतात. एक दुखणं काढायला दुसरं घेतल्यासारखं होईल.


पोलादनगरी

मग एक जीबीची वाट शेवटची म्हणून कशी ठेवायची? चारही फायबर गेल्या तर काहीच नसण्यापेक्षा ती बरी की.


वाळूजकर

माझं मत वेगळं आहे. जी वाट पूर्ण भार पेलत नाही, ती मल्टीपाथमध्ये ठेवूच नये. काटाघरांनी लिहिलंय, ए-३ वर असताना एका पावतीला वीस सेकंद. म्हणजे काटा बंदच म्हणायचा, फक्त कोणाला तसं दिसत नाही. पूर्ण बंद पडलं तर माणूस धावत येतो, वही काढतो, हाताने वजन लिहून घेतो. संथ झालं तर सगळे स्क्रीनकडे बघत बसतात.

शिवाय चारही फायबर एकदम कधी जातील? दोन्ही स्विच गेले तर, नाहीतर पेटीच गेली तर. दोन्ही स्विच जाण्याचं आपल्याकडचं कारण म्हणजे वीज. दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत का ते बघा, ए-३ पेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणखी एक विचारतो. दोन्ही कार्डांचे आयपी एकाच सबनेटमध्ये आहेत का? आमच्या कारखान्यात होते. कागदावर दोन वाटा, प्रत्यक्षात दोन्ही सेशनची वाहतूक एकाच कार्डातून. एक केबल ओढली आणि दोन्ही वाटा एकदम मेल्या.


काटाघर

नाही दादा, १०.१०.१ आणि १०.१०.२ असे वेगळे आहेत. एवढं तरी बरोबर निघालं.

यूपीएस मात्र एकच. दोन्ही स्विचचे प्लग एकाच पट्टीत, शेजारी-शेजारी. फोटो काढून वर पाठवलाय.

ए-३ काढायचं ठरवलं. ती वायर रात्रीच्या बॅकअपला वापरीन.


गोदातीर

छान. आता मोठ्या पाकिटांची तपासणी कराच. एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० ठेवला असेल तर दोन्ही वाटांवरून, तुकडे करायची मनाई ठेवून, ८९७२ बाइटचा पिंग मारा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा, म्हणून ८९७२.

हे का सांगते ते ऐका. आमच्याकडे स्विच बदलला तेव्हा एका पोर्टचा एमटीयू १५०० वर राहिला. मल्टीपाथच्या यादीत ती वाट अ‍ॅक्टिव्ह, रेडी, रनिंग. कारण टीयूआर चेकर पेटीला फक्त "तयार आहेस का" एवढंच विचारतो, ते पाकीट इवलंसं असतं, कुठूनही निघून जातं. रक्ताचे रिपोर्ट उघडत होते. एमआरआय उघडला की अडकायचा. डॉक्टर म्हणायचे तुमचा सर्व्हर, मी म्हणायचे तुमचं सॉफ्टवेअर. बाहेर पेशंटचा मुलगा फाईल छातीशी धरून दीड तास उभा होता. तेव्हापासून मल्टीपाथने वाट हिरवी दाखवली तरी मोठं लिखाण करून बघितल्याशिवाय मी ती मानत नाही.


परभणीकर

फेलबॅकचं काय ठेवायचं मग? मॅन्युअल का इमिजिएट? आमच्याकडं दोघं दोन सांगायलेत.


वाळूजकर

दोघांचंही आपापल्या जागी खरं असेल. फेलओव्हर सर्व्हरला ताबडतोब करावाच लागतो, तिथे पर्याय नाही. परत कधी जायचं हे मात्र सवडीने ठरवता येतं, घाई कशाला? तिथे सेकंदांचा आकडाही देता येतो. ६० दिलं तर चांगला गट परत उभा राहिल्यावर ६० सेकंद थांबून मग जातो. धडधडणाऱ्या वायरसाठी हे चांगलं. दोन-तीन सर्व्हर मिळून एकच लन वापरत असतील, क्लस्टर असेल, तर फॉलोओव्हर (दुसऱ्या सर्व्हरने हलवलेलं काम आपण लगेच परत न ओढणारी सेटिंग) बघा. नाहीतर एक सर्व्हर लन बी कडे ओढतो, दुसरा परत ए कडे, आणि पेटी नुसती मालकी बदलत बसते. व्हीएमवेअरमध्ये अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह पेटीला फिक्स्ड पॉलिसी लावून दोन होस्टना वेगवेगळी आवडती वाट दिली की हेच होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, कंट्रोलरचे दिवे आलटून-पालटून लागत होते आणि वरती एकही मशीन हलत नव्हतं.

काटाघर दादा, तुमचा एकच सर्व्हर आहे, ६० पुरे. आणि नो पाथ रिट्राय क्यू वर ठेवू नका. सगळ्या वाटा गेल्या तर डेटाबेस कायमचा लटकतो, नीट बंदही करता येत नाही. १२ द्या. पोलिंग (वाटांची तपासणी) ५ सेकंदांचं असेल तर साधारण एक मिनिट धीर धरेल, मग चूक परत देईल.


काटाघर

दहा दिवसांनी लिहितोय. सगळं एकदम सांगतो.

आधी ए-१ ची फायबर. काढून तोंड बॅटरीखाली धरलं तर टोकावर पिवळसर भुकटी. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, धूळ. सर्व्हर रूमचा एसी बाहेरची हवा ओढतो त्या खिडकीपासून बगॅसचा ढीग शंभर पावलांवर आहे, आणि जानेवारीत वारा तिकडूनच येतो. क्लीनरने दोन्ही टोकं पुसली, स्विचकडचं मॉड्यूल बदललं, न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोप्या बसवल्या. खिडकी बुजवायला गवंडी सोमवारी येतोय.

सेटिंग : ग्रुप बाय प्रायो, अलुआ, सर्व्हिस टाइम, फास्ट आयओ फेल ५, फेलबॅक ६०, नो पाथ रिट्राय १२. सेशनचे आकडे पुन्हा वाचले, सगळीकडे ५.

मग रात्री अकराला चाचणी. डेटाबेसच्याच लनवर दर सेकंदाला वेळ लिहून सिंक करणारी छोटी स्क्रिप्ट सोडली, एका स्क्रीनवर तिची फाईल, दुसऱ्यावर मल्टीपाथची यादी. काट्यावरच्या पोराला रिकामी पावती काढत राहायला सांगितलं, फोन चालू ठेवला. ए-१ ओढली. फाईल थांबली. मी मोठ्याने सेकंद मोजत होतो. १३ व्या सेकंदाला पुढची ओळ आली. फोनवर पोरगं म्हणालं, "आली, सायेब, पावती आली." जानेवारीत हेच दोन मिनिटं घेत होतं.

ए-१, ए-२ दोन्ही ओढल्या. बी चा गट अ‍ॅक्टिव्ह झाला, प्रायोरिटी १०. परत जोडल्या, मिनिटभर बी वरच राहिलं, मग स्वतःहून ए वर आलं. मोठा पिंग चारही पोर्टांना गेला.

एक फसलं. रीबूट केल्यावर ए-३ पुन्हा यादीत, पुन्हा ५०. मी सेशन फक्त लॉगआउट केलं होतं, नोंद ऑटोमॅटिकच होती. नोंद पुसली, तर दुसऱ्या दिवशी डिस्कव्हरी (पेटीच्या पोर्टांचा शोध) चालवल्यावर परत आली, कारण पेटी आपली सगळी पोर्टं जाहीर करते. शेवटी पेटीतच त्या पोर्टावरून आयस्कझी बंद केलं. आता दोन रीबूट झाले, चारच वाटा दिसतात.


वाळूजकर

१३ सेकंदांचा हिशेब बरोबर बसतो. ओढलेली केबल आयस्कझीला लगेच कळत नाही, नूप पिंग (जिवंत आहेस का ही विचारणा) दर ५ सेकंदांनी, त्याच्या उत्तराची वाट ५ सेकंद, मग रिकव्हरीचे ५. म्हणजे १० ते १५. नूपचे आकडे आणखी कमी करायचा मोह होईल, करू नका. पेटी जरा कामात असली तरी सर्व्हर तिला मेली समजेल.


परभणीकर

मी पण आज आमच्याकडची यादी बघितली. चार वाटा, चारही एकाच गटात, मल्टीबस. ए अन् बी दोन्हींवर सारखाच भार चालायलाय. उद्या साहेबांना दाखवतो अन् सुट्टीच्या दिवशी वेळ मागून घेतो.


गोदातीर

परभणीकर, बदलायच्या आधी आत्ताची यादी आणि चालू कॉन्फिग फाईलमध्ये उतरवून ठेवा. आणि ओढायच्या केबलला आधी दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. रात्री एकला दोन निळ्या वायर सारख्याच दिसतात.


काटाघर

दुसरा यूपीएस मंजूर झाला, पुढच्या आठवड्यात येतोय. तो बसला की पहिल्या स्विचची वीज काढून बघायची आहे, मग ए कंट्रोलर पेटीतून रीस्टार्ट करून. मोळीच्या आधी एकदा काट्यावर ट्रॉली उभी करून, वजनासकट. तेव्हाचे सेकंद इथेच टाकतो.